घण तिचा, नोंद कुणाची?

(महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आली की बाईच्या हातात विळा येतो. तो बोथट असला तर संध्याकाळपर्यंत मनगट आणि खांदा भरून येतो. म्हणून विळ्याची धार हा बाईचा प्रश्न आहे. आणि तो विळा घडवणारीही बाईच आहे, हे आपण विसरतो.

बाजाराच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडतं, तिथे नीट बघा. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसलेला असतो. उभं राहून घण घालते ती बाई. मी समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलं, पण लोखंड मला या बायांनी शिकवलं. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पातं घडवायचं, लालबुंद तापवायचं आणि एकदम निववायचं. यालाच पाणी पाजणं म्हणतात. त्यानं पातं टणक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा मंद आचेवर तापवायचं. सगळी पारख रंगावरून, आणि भर उन्हात रंग फसवतो.

मग हे काम कुंभाराच्या भट्टीत का करू नये? गावच्या आव्यात ते जमत नाही. तिथे आच हळूहळू उतरते, आणि सावकाश निवलेलं पोलाद मऊ पडतं. तापमापक असलेली विजेची भट्टी मात्र उपयोगी पडते. सुमारे ८०० अंश सेल्सियसला पातं सारखं तापलं की वीज बंद करून ते सांडशीनं काढायचं आणि तेलात बुडवायचं. पाण्यात तडा जाण्याची भीती जास्त. भट्टी उतरली की त्याच पात्याला सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास ठेवायचं. धार टिकते, पातं तुटत नाही.

अशी भट्टी एका घराला परवडणार नाही. कुंभार आणि घिसाडी बायांच्या गटांनी ती मिळून घ्यावी, असं मला वाटतं. पण यंत्र आलं की ते पुरुषाच्या ताब्यात जातं, हा आपला नेहमीचा अनुभव. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत लोहारही आहे, कुंभारही आहे. प्रशिक्षण, स्वस्त कर्ज, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. अट अशी, की नवरा-बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब, आणि त्यातून एकाचीच नोंद. ऐरणीवर दोघं राबतात. कागदावर कारागीर एकच. तो कोण, हे विचारायचीही गरज घरात कुणाला वाटत नाही.

शिवाय पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीत. आज इथे, उद्या तिथे पाल टाकणाऱ्या बाईला कुठली ग्रामपंचायत आपली म्हणेल?

तेव्हा मागणी स्पष्ट करू या. जिथे दोघं राबतात तिथे दोघांचीही नोंद झाली पाहिजे. आणि भट्टी घेतली तर ती बायांच्या गटाच्या नावावर, किल्ली बायांच्या हातात. पुढच्या आठवडी बाजारात विळ्याचा भाव करण्याआधी घण घालणारीला एवढं विचारा, "बाई, तुझं नाव कुठे लिहिलंय का?" नसेल, तर तिच्यासोबत ग्रामपंचायतीत जाणं हे आपलं काम आहे.