भुताच्या गोष्टी बायांनी का वाचाव्यात?

(परभणीत बायकांच्या वाचन-गटाच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला निरोप आला होता की, सध्या तुम्ही काय वाचताय ते सांगा आणि आम्ही काय वाचावं तेही सांगा. मी घरी यादी काढली आणि माझी मलाच लाज वाटली. यादीत एक आत्मचरित्र नाही, कायद्याची माहिती नाही, आरोग्याचं पुस्तक नाही. उशाशी आहेत नारायण धारपांची 'लुचाई', रत्नाकर मतकरींचा 'कबंध' आणि जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'. म्हणजे भूत, गूढ आणि अंतराळ! माझं वय साठ. सून म्हणते, "आई, रात्री हे वाचून तुम्हाला झोप कशी लागते?" मी म्हणते, "हे वाचून लागते. पेपर वाचून लागत नाही."

पण तुमच्यातल्या काहीजणींच्या मनात प्रश्न आला असणार. आपण गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, आणि ही बाई भुताची पुस्तकं वाचा म्हणून सांगायला उभी राहिली आहे. हा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय. त्याचं उत्तर द्यायचं तर मला थोडं मागं जावं लागेल.

1972 साली मी सात-आठ वर्षांची होते. दुष्काळ होता. माय आणि आजी खडी फोडायच्या कामावर जायच्या. सुकडी मिळायची, मिलोची लाल भाकरी खायचो. दिवसभर घरी आम्ही पोरंच. त्याच काळात आपल्या मानवतला खून सुरू झाले. 1974 पर्यंत एकामागून एक लहान मुली आणि बाया मारल्या गेल्या. पुढं खटल्यात जे मांडलं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पिंपळाखालच्या मुंजाला रक्त दिलं की पुरलेलं धन हाती येईल आणि मूलही होईल, अशी ती समजूत. आमचं गाव तिथून लांब नव्हतं. दिवस मावळायच्या आत माय आम्हाला ढाळजेतून आत ओढायची आणि कडी लावायची. माळवदावर झोपणं बंद झालं. आजी सांगायची, पिंपळाकडं बघू नका. मला भीती पिंपळाची वाटायची. पिंपळाच्या नावानं सुरी चालवणाऱ्या माणसाची भीती वाटायला पाहिजे, हे कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ते कळत नसावं.

आता पुस्तकाकडं येते. मी आठवी-नववीत असताना भाऊ तालुक्याला शिकायला होता. तिथं भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. तो सुट्टीत येताना धारपांचं एखादं पुस्तक आणायचा आणि धान्याच्या कणगीमागं लपवायचा. मी ते शोधून काढायचे. एकदा आजीनं पकडलं. "काय वाचायलीस गं?" मी म्हटलं, "इतिहास." तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "मोठ्यानं वाच." मग मी तिला मोठ्यानं धारप वाचून दाखवला. पाच-सात पानं झाल्यावर आजी म्हणाली, "हा काही इतिहास न्हाई. पण थांबू नको."

त्या पुस्तकांनी मला एक गोष्ट शिकवली. गोष्टीतल्या भुतालाही नियम असतात. ते कुठून आलं, कुणाच्या हव्यासानं आलं, कशानं जाईल, याचा कुणीतरी शोध घेतो. आणि शेवटचं पान संपलं की पुस्तक मिटता येतं. गावातल्या भुताचं तसं नव्हतं. त्याला नियम नव्हते. त्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा नव्हता. आणि ते मिटता येत नव्हतं.

हे मला नीट कळलं ते 1980 साली. आमच्या आळीत एका घरात भानामती सुरू झाली. वाळत घातलेली लुगडी पेटायची. रात्री माळवदावर दगड पडायचे. त्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सोळा वर्षांची सून होती. तिच्या दंडावर, पाठीवर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या. देवऋषी आला, उतारे झाले, आणि बोट शेजारच्या विधवेकडं गेलं. दोन एकर शेत, मूलबाळ नाही, तोंडानं फटकळ. म्हणजे चेटकीण व्हायला आणखी काय पाहिजे?

मी तेव्हा दहावीत होते, डोक्यात गूढकथा. मी घरात सहज विचारलं, "दर वेळी लुगडं पेटतं तेव्हा घरात कोण असतं? ते लिहून ठेवलं तर?" चुलत्यांनी कानफटात मारली. त्यानंतर मी गप्प बसले. त्या बाईला देवळापुढं उभं करून काय काय केलं ते आज सांगत नाही. महिन्याभरात ती गाव सोडून गेली. शेत कुणी कसायला घेतलं तेही सांगत नाही. त्या बाईचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. माझा प्रश्न बरोबर होता, पण तो मी दुसऱ्यांदा विचारला नाही. याची टोचणी अजून आहे.

बऱ्याच वर्षांनी ती सून मला एका लग्नात भेटली. तीही आता आजी झालेली. जेवणं झाल्यावर आम्ही मांडवामागं बसलो. ती आपणहून बोलली. बिब्बा तिनंच घासला होता. लुगडीही तिनंच पेटवली होती. दगडांचं म्हणाली, "ते मला ठावं न्हाई. पोरं टाकत असतील." मी विचारलं, "का केलंस?" ती म्हणाली, "माहेरी धाडतील म्हणून. तोंडानं म्हटलं तर कोण धाडतंय? शेजारणीचं नाव मी घेतलं न्हाई गं. ते त्यांनीच घेतलं."

मैत्रिणींनो, मी त्या दिवसापासून भुताच्या गोष्टी निराळ्या वाचायला लागले. जिला सरळ बोलता येत नाही, ती भुताच्या तोंडून बोलते. अंगात येणं, झपाटणं, भानामती हे पुष्कळदा बाईचं न बोलता आलेलं बोलणं असतं. फक्त त्याची किंमत दुसऱ्या एखाद्या बाईला मोजावी लागते. बिब्ब्याऐवजी तिच्या हातात लेखणी असती तर? मग ती काय लिहिती?

तसं लिहिलेल्या बाया आहेत, आणि पहिली आपल्याच जिल्ह्यातली आहे. गंगाखेडची जनाबाई. तिच्या अभंगांकडं आपण भक्ती म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण क्षणभर गोष्ट म्हणून बघा. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या एका दासीनं असं जग रचलं, ज्यात देव स्वतः येऊन तिला दळू लागतो, कांडू लागतो, शेणी वेचू लागतो. आपल्या घरातल्या पुरुषानं कधी जात्याला हात लावला होता का? सातशे वर्षांपूर्वी याहून मोठी अद्भुत कल्पना काय असणार!

दुसरी रुकैया सखावत हुसेन, बंगालातली. 1905 साली तिनं 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली. त्या देशात पुरुष पडद्यात, घराच्या आत. बाया बाहेर, विद्यापीठं चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी ओढून घेतात, हवेत उडणाऱ्या गाडीतून फिरतात. पडद्याच्या अन्यायावर निबंध लिहिला असता तर लोकांनी मान डोलावली असती किंवा नाक मुरडलं असतं. तिनं नुसती उलटापालट करून दाखवली आणि हसवलं. पंधरा-वीस पानांची गोष्ट आहे. आपल्यातल्या कॉलेजच्या मुलींनी ती इथं बसून मराठीत सांगावी, असं मला फार वाटतं.

तिसरी मेरी शेली. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. 1792 साली स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिणारी ती हीच. लेकीला जन्म देऊन काही दिवसांतच ती वारली. त्या लेकीनं अठराव्या वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं. 1818 साली ते छापलं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. त्यात एक पुरुष बाईशिवाय जीव निर्माण करतो आणि तो जन्माला आल्याबरोबर त्याला टाकून पळून जातो. राक्षस कोण, ते वाचून तुम्हीच ठरवा.

आता आपल्या मराठीकडं. धारप वाचा. 1925 ते 2008 हा त्यांचा काळ. 'लुचाई'वर स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'ची छाया आहे, पण वाडे, गल्ल्या, माणसं आपली वाटतात. त्यांच्या 'आजी' या कथेचा धागा 2018च्या 'तुंबाड' सिनेमातही आहे. वाड्यात साखळीनं बांधलेली म्हातारी आणि पुरलेल्या सोन्याचा हव्यास. मी तो सिनेमा बघताना मला मानवत आठवत होतं. सोनं पाहिजे पुरुषाला आणि शापित दिसते म्हातारी! म्हणून धारप वाचताना एक पेन्सिल जवळ ठेवा. पुस्तकात चेटकीण, हडळ, जखीण आली की समासात खूण करा. तिचं कुणी काय केलं होतं? तिची बाजू कुणी सांगितली का? पुष्कळ वेळा सांगितलेली नसते. ती आपण एकमेकींना सांगायची.

मतकरी वाचा. ते 2020 साली गेले. 'खेकडा', 'कबंध', 'निजधाम' हे त्यांचे गूढकथांचे संग्रह. त्यांना भीतीसाठी दर वेळी स्मशान लागत नाही, चारचौघांसारखं घर पुरतं. घरात घाबरून राहणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं समजवायला नको. नातवंडांसाठी त्यांचंच 'अलबत्या गलबत्या' नाटक. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, पुढं वैभव मांगले यांनी. दाढीमिशा काढून पुरुष चेटकीण होतो आणि थिएटरभर पोरं खदखदून हसतात. चेटकिणीला हसायला शिकलेलं पोर मोठेपणी एखाद्या बाईला चेटकीण म्हणताना थोडं तरी अडखळेल, अशी मला आशा आहे.

आणि नारळीकर. 2025च्या मे महिन्यात ते गेले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून ती त्यांनी पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ज्यांच्या अक्षरात ती गेली त्या मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या, विश्लेषक अंकसिद्धांतात पीएच.डी. केलेल्या. त्यांचं 'गणितगप्पा' आपल्या मुलींच्या हातात द्या. 2023 साली त्या गेल्या. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' ही विज्ञान-कादंबरी कुठं मिळाली तर सोडू नका. मराठी विज्ञानकथेत बायकांची नावं मोजकीच घेतली जातात, त्यांतलं हे एक.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मी पुन्हा पुन्हा वाचते. गंगाधरपंत अशा एका जगात जातात, जिथं पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. एक गोष्ट वेगळी घडली तर पुढचं सगळं कसं बदलतं! मला पानिपतचं फार नाही. मी 1980 सालची आमची आळी मनात धरते. त्या जगात दहावीतली मुलगी कानफटात खाऊनही दुसऱ्यांदा विचारते, "लुगडं पेटतं तेव्हा घरात कोण असतं?" आजी म्हणते, "थांबू नको." सोळा वर्षांच्या पोरीला कुणीतरी एकांतात विचारतं, "माहेरी जायचंय का?" आणि शेजारीण आपल्या दोन एकरांत कापूस वेचत राहते.

2013 साली, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी, भानामती करते म्हणून एखादीला छळणं आता गुन्हा आहे. तो कायदा आपल्याला लागतोच. पण पोलिस येतात ते उशिरा. त्याआधी आळीतल्या कुणा बाईनं पहिला प्रश्न विचारावा लागतो. तो विचारायची सवय मला लागली ती कणगीमागं लपवलेल्या पुस्तकांनी.

मी पिशवीत आठ पुस्तकं आणली आहेत. माझीच आहेत, पानं दुमडलेली, एकावर तर चहाचा डाग आहे. घेऊन जा. घरी एकट्या वाचू नका, सासूला, लेकीला मोठ्यानं वाचून दाखवा. ऐन भीतीच्या जागी थांबा आणि विचारा, हे कोण करत असेल? का करत असेल? आणि कुणी म्हणालं की हे काही कामाचं वाचन नाही, तर माझ्या आजीसारखं करा. म्हणा, नसेल. पण थांबू नको.