कार्ड खराब, असं म्हणायच्या आधी

आजचा भाग थोडा वेगळा आहे. नवीन ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं हे आज सांगणार नाही. घेतलं, घरी आणलं, बसवलं आणि स्क्रीन काळी, तर पुढे काय करायचं ते बोलूया. हे सगळं गेल्या महिन्यात आमच्या घरातच घडलंय, त्यामुळे तेच सांगतो.

माझा मामेभाऊ इचलकरंजीला असतो. त्याला ब्लेंडर शिकायचंय, थ्रीडीचं काम करायचंय. वर्षभर पैसे साठवून आणि उरलेले मामाकडून घेऊन त्याने एक सेकंडहँड आरएक्स ६६०० घेतलं. दुकानदाराने तीन दिवसांची टेस्टिंग वॉरंटी दिली होती. म्हणजे तीन दिवसांत बिघाड दिसला तर परत, चौथ्या दिवशी तुमचं नशीब.

पहिल्याच रात्री अकरा वाजता फोन. "दादा, गंडवलं बघ आपल्याला. पंखे फिरतायत, पण मॉनिटरवर नो सिग्नल."

पंखे फिरतायत यावरून फक्त एवढंच कळतं, की कार्डाला थोडीफार वीज पोचतेय. बाकी काही सिद्ध होत नाही. मी पहिला प्रश्न विचारला, "मॉनिटरची केबल कुठे लावलीस?" हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात. जुनी केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहते. कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड तिथलं आउटपुट बंद करतात, मग स्क्रीन काळी. केबल खाली, कार्डाच्या आडव्या पट्टीवरच्या पोर्टला लागली पाहिजे. याने ती बरोबर लावली होती.

मग म्हटलं, कार्ड काढ. मेन स्विच बंद, वायर काढ, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लाव आणि मग कार्ड काढ. केबल परत मदरबोर्डला लाव. त्याचा प्रोसेसर आय५-१०४०० आहे, त्यात स्वतःचे ग्राफिक्स असतात. तुमच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, म्हणजे १०४००एफ वगैरे, तर ही युक्ती चालणार नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नसतात. याचा डिस्प्ले आला. म्हणजे रॅम, मदरबोर्ड, मॉनिटर सगळं ठीक. आता संशय फक्त कार्ड, स्लॉट आणि वीज यांच्यावर.

व्हिडिओ कॉल लावला. त्याने कार्ड परत बसवलं आणि मला दिसलं, की मागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला अडकतेय. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून जरासं वर उचललं जातंय. स्लॉटच्या टोकाला एक खटका असतो. कार्ड नीट बसलं की तो टक्क असा आवाज करून लागतो. तो लागलाच नव्हता. कॅबिनेट आडवं ठेवलं, पट्टी थोडी सरळ केली, कार्ड दोन्ही टोकांनी सारखं दाबलं, टक्क! डिस्प्ले आला. त्याने विंडोजमध्ये एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकला आणि रात्री एक वाजता आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोन. ब्लेंडरमध्ये रेंडर लावला की दोन-तीन मिनिटांत पीसी धाडकन बंद होतो आणि आपोआप परत चालू होतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. "दादा, उद्या शेवटचा दिवस. दुकानदाराला आताच सांगतो, कार्ड खराब दिलंय."

इथे मी जरा थांबलो, कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हेच मी केलं होतं. माझं कार्ड असंच लोडवर बंद पडायचं. मी दुकानदाराला फोनवर नाही नाही ते बोललो, त्याने पैसे कापून कार्ड परत घेतलं. मी दुसरं महागडं कार्ड आणलं, तर तेही तसंच बंद पडलं. दोष एसएमपीएसचा होता. त्या माणसाला मी नंतर फोन केला नाही. लाज वाटली, अजूनही वाटते.

म्हणून भावाला म्हटलं, आधी एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो पाठव. कॅबिनेटबरोबर आलेला लोकल एसएमपीएस, वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. पण तो आकडा बघायचा नाही. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः तिथूनच वीज घेतात. त्याच्यावर लिहिलं होतं १८ अँपिअर. १८ गुणिले १२, २१६ वॉट. आता खर्च बघा. आरएक्स ६६०० पूर्ण लोडवर साधारण १३२ वॉट घेतं, आणि आय५-१०४०० वर '६५ वॉट' लिहिलेलं असलं तरी जोर लावताना तो थोडा वेळ १३४ वॉटपर्यंत जाऊ शकतो. बेरीज २६६. शिवाय कार्ड क्षणभर याहूनही जास्त वीज ओढतं. एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. त्यात त्याला आठ पिनची केबलच नव्हती, दुकानातून जुन्या मोलेक्स प्लगचं कन्व्हर्टर आणून लावलेलं. ते आधी काढायला लावलं. असली कन्व्हर्टर तापून वितळतात, मंडळी, यात विनोद नाही.

पण हा माझा अंदाज झाला, पुरावा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कार्ड त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून गल्लीतल्या फोटो स्टुडिओत गेला. तिथल्या काकांच्या पीसीत चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आहे. काकांचं काम थांबवून तासभर रेंडर चालवला. एकदाही बंद पडलं नाही, स्क्रीनवर ठिपके नाहीत, रेषा नाहीत. कार्ड खरंच गेलेलं असतं, तर रंगीत ठिपके-रेषा अनेकदा बायोसच्या स्क्रीनवरच दिसतात, विंडोज यायच्या आधी. ड्रायव्हर नीट टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येत राहतो. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या पीसीतही तोच त्रास होतो. तसं झालं असतं तर मीच म्हटलं असतं, त्याच दिवशी परत दे, व्हिडिओ काढून दे.

दुकानदाराला फोन गेला नाही. मामाला मात्र सांगावं लागलं. मामा यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, त्याला पटकन कळलं. म्हणाला, "माग बंद पडला तर आम्ही आधी लाईटच बघतो की." मग थोडं थांबून, "पण म्हणजे अजून पैसे लागणार, असंच ना?"

हो, असंच. चांगला एसएमपीएस स्वस्तात मिळत नाही, आणि हे त्याला कार्ड घेण्याआधी मी सांगायला हवं होतं. मला त्याने विचारलंही होतं, "दादा, हे कार्ड चालेल ना?" मी प्रोसेसर कुठला आहे एवढंच विचारून हो म्हटलं होतं. त्यामुळे निम्मे पैसे मी देतोय. मामा नको म्हणतोय, ते आमचं चालू आहे.

कार्ड सध्या पिशवीत, कपाटात. भाऊ प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर साधी मॉडेल्स बनवतोय, रेंडर रात्रभर चालतो. तुम्ही कार्ड घ्यायच्या विचारात असाल तर तुमच्या एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही बघू. फोटो काढताना १२ व्होल्टचा रकाना नीट दिसू दे, फ्लॅश मारू नका.