एक खोली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू 'वारसा' या विषयावर बोल, आणि पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नकोस." दुसरी अट कशामुळे घातली ते मला लगेच कळलं. वर्गात बडबड केली म्हणून मी किती वेळा बाकावर उभी राहिले, हे बाईंना आठवत असेलच.

वारसा म्हटलं की आपल्याकडे आधी सातबारा आठवतो. कुणाच्या वाट्याला विहीर आली, कुणाला बांध कमी पडला. मी आज ज्या घराबद्दल बोलणार आहे, त्या घराने पुढच्या पिढीला जमीनजुमला फारसा दिला नाही. पण चार पिढ्या त्या घरातली माणसं लोकांच्या उपयोगी पडत राहिली. ते घर म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं.

आता निमोण्याच्या मेळाव्यात कर्वे कुठून आले? तर बारावीनंतर मी पुण्याला मामांकडे राहायला गेले, ते कर्वेनगरला. या कर्वेनगरचं जुनं नाव हिंगणे. कर्व्यांनी काढलेल्या संस्थेचं मुलींसाठीचं इंजिनिअरिंग कॉलेज तिथेच आहे. ते १९९१ साली सुरू झालं आणि माझी पदवी तिथलीच. त्याच संस्थेच्या आवारात एक झोपडी जपून ठेवलेली आहे. पहिली दोन वर्षं मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंसुद्धा नाही. परीक्षा, सबमिशन, मामींची भाजी आणायची, यात वेळ जायचा. पुढे कधीतरी तिची गोष्ट वाचली, आणि मग ती झोपडी डोक्यातून गेली नाही.

अण्णासाहेब कर्व्यांचा जन्म १८५८चा, कोकणातल्या मुरूडच्या भागातला. घर गरीब. १८७५ साली परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसात सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेला. तिथल्या अधिकाऱ्यांना तो सतरा वर्षांचा दिसेना, म्हणून त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. आला तसा परत गेला. पुढे शिकत शिकत १८९१ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली त्यांनी पुन्हा लग्न केलं, ते गोदूबाई जोशी या बालविधवेशी. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. गावाने बहिष्कार घातला.

१८९६ साली त्यांनी पुण्यात विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला. नंतर शहरात प्लेग आला आणि १९०० साली आश्रम हिंगण्याला न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. तीच ही झोपडी. अण्णासाहेब कॉलेजात तास घ्यायचे आणि संध्याकाळी माळावरून, चिखलातून चालत हिंगण्याला जायचे. तिथल्या मुलींना शिकवायचे.

या मुलींना आधी काय हवं होतं? पुस्तकं लागणारच होती, फीही लागणारच होती. पण सगळ्यात आधी त्यांना हवी होती राहायला एक जागा, जिथून त्यांना कुणी हाकलणार नाही. हे ज्याला दिसतं त्याला मी दूरदृष्टीचा म्हणते. आपण दूरदृष्टी म्हणजे फार लांबचं बघणं समजतो. पण पुष्कळदा ती आपल्याच घराजवळच्या माणसाची अडचण बघण्यात असते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं आणि मातृभाषेतून शिकवू लागलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. एकाने ७५० दिले, एकाने पंधरा लाख. मला दोन्ही आकडे सारखेच मोठे वाटतात. ७५० नसते, तर पंधरा लाख कुणाला दिले असते?

आणि एक गोष्ट आपल्या खेडेगावातल्या माणसांनी तर विसरू नये. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, अण्णासाहेबांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही, तिथे शाळा काढायची म्हणून हा म्हातारा माणूस दारोदार वर्गणी मागत फिरला. तोवर विद्यापीठ उभं राहिलं होतं, जगाचा प्रवास करून झाला होता. तरी त्याला आठवलं काय, तर खेड्यातली पहिलीची मुलं.

पण मित्र-मैत्रिणींनो, सत्कारात हार घालतो तेवढंच सांगून मी खाली बसले, तर ते अर्धं होईल. या दातृत्वाची किंमत कुणी दिली? घराने दिली. अण्णासाहेबांनी स्वतःची शिल्लक आश्रमाला दिली. घरात मुलं लहान. आनंदीबाई सुईणीचं काम शिकल्या, संसाराला हातभार लावला, आणि शिवाय संस्थेसाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. त्यांनी 'माझे पुराण' नावाने आत्मचरित्र लिहिलं. वसंत कानेटकरांनी या घरावरून 'हिमालयाची सावली' हे नाटक लिहिलं. ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मोठ्या माणसाचं दान बहुतेक वेळा त्याच्या बायकोच्या डब्यातून जातं, आणि पावती त्याच्या नावाने फाटते.

दुसरी गोष्ट. हे घर एकमताचं नव्हतं. थोरले चिरंजीव रघुनाथराव गणिताचेच प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या प्रचारापायी नोकरी गेली. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. खटले झाले. एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडिलांना संस्था चालवायची होती, लोकांकडे वर्गणी मागायची होती. त्यामुळे ते मुलाच्या या कामापासून लांबच राहिले. आज त्या विषयाची माहिती सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली असते.

एक सूनबाई इरावती कर्वे. त्यांनी जर्मनीला शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा अण्णासाहेबांचा विरोध होता. होय, महिला विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांचा! नवरा, दिनकरराव, पाठीशी उभे राहिले आणि त्या गेल्या. बर्लिनमध्ये त्यांच्या प्राध्यापकाचं म्हणणं असं होतं की, गोऱ्या माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी असते आणि बुद्धीचा फरक त्यातून येतो. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की असा काही फरक आढळत नाही. परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकासमोर! आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात वरिष्ठांना नको असलेला आकडा सांगायची वेळ आली, की मला त्या आठवतात. पुढे त्या गावोगाव फिरल्या, वारीत चालल्या, कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी केली. धरणाच्या पाण्याखाली कुणाचं काय जातं, हे घोडकाठच्या माणसांना मी सांगायला नको.

तिसरी पिढी तर आपल्या बांधापर्यंत आली. इरावतीबाईंचे चिरंजीव आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पुण्यातल्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली. त्यासाठी २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला, आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅससाठी २००६ साली पुन्हा. आपण काय केलं? ऊस न्हावऱ्याला घोडगंगा कारखान्यावर गेला की पाचट पेटवून दिलं! रात्री तो जाळ बघायला आपण पोरं धावायचो.

इरावतीबाईंच्या कन्या जाई निंबकर या लेखिका. त्या लग्न होऊन फलटणला गेल्या. निंबकरांनी १९६८ साली तिथे शेती संशोधनाची संस्था काढली. तिथे जाईताईंच्या कन्या चंदा निंबकर यांनी मेंढ्यांवर काम केलं. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ जातीची मेंढी जुळी देते. त्या दोन्हींच्या संकरातून जुळी देणारी मेंढी त्यांनी तयार केली. विधवेच्या झोपडीपासून धनगराच्या वाड्यापर्यंत हा वारसा आला. विषय प्रत्येकाचा वेगळा, एकाचं दुसऱ्याशी पटलंच असंही नाही. पण प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: अजून कुणाची अडचण कुणी बघितलेली नाही?

आता मी आपल्या वर्गाकडे येते.

आपल्या वर्गात गणितात माझ्यापुढे कायम एक मुलगी असायची. नाव घेत नाही, ती आज इथे बसली आहे आणि मला डोळे वटारते आहे. दहावीनंतर तिचं लग्न झालं. आज ती आणि तिचे मालक शेती करतात. कांद्याचा हिशोब ती तोंडी करते आणि आडत्याची चूक पट्टी हातात यायच्या आधी काढते. तिचं वाईट झालं, असं मी म्हणत नाही. पण या मेळाव्याच्या निमित्ताने तिच्याशी फोनवर बोलले. मी म्हटलं, "तू माझ्यापेक्षा हुशार होतीस गं." ती हसून म्हणाली, "अगं, तुला पुण्याला मामा होते. मला नव्हते. बाकी काय फरक होता?"

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ते खरं होतं. माझं इंजिनिअर होणं माझ्या मेहनतीचं आहे, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. मेहनत होतीच. पण तिच्याआधी होती मामांच्या घरातली एक कॉट आणि मामींनी रोज वाढलेलं एक जास्तीचं ताट. मामींना कुणी विचारलं होतं का, की ही पोरगी चार वर्षं तुझ्याकडे राहिली तर चालेल का? मला नाही वाटत. माझ्या आनंदीबाई माझ्या मामी होत्या. त्यांचे आभार मी आज, एवढ्या उशिरा, या माइकवरून मानते आहे.

शाळेला काय द्यायचं, याची चर्चा गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर चालू आहे. कुणी कमान म्हणतं, कुणी साउंड सिस्टिम. मी मोडता घालत नाही. पण माझी एक सूचना आहे. पुणे, चिंचवड, हडपसर, वाघोली भागात आपले पुष्कळ जण राहतात. शाळेतल्या मुली प्रवेश परीक्षेला, मुलाखतीला, कॉलेजच्या प्रवेशाला पुण्याला येतात. हॉस्टेल मिळेपर्यंतचे पहिले दोन-तीन महिने सगळ्यात अवघड असतात, आणि पुष्कळ घरी नेमका तेव्हाच निर्णय होतो: "राहू दे, कुठं राहणार ती?" आपण एक यादी करू. कुणाच्या घरी, कोणत्या महिन्यात, एका मुलीला राहता येईल. यादी शाळेतल्या बाईंकडे राहील. कुणाला गरज आहे ते बाई ठरवतील, कारण ते त्यांना दिसतं, आपल्याला इतक्या लांबून दिसत नाही.

एकच अट. नाव देण्याआधी घरी विचारा. आनंदीबाईंच्या वेळची चूक आपण परत करायची नाही. मी विचारलं. मालक लगेच हो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मुलगी भाकरी खाते ना? मग येऊ दे." माझ्या मुलीने मात्र तोंड फुगवलं, कारण खोली तिची आहे. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, "एवढाच देणार हं." मी म्हटलं, एवढा पुरे.

तर यादीत पहिलं नाव माझं लिहा. कर्वेनगर, एक खोली, एक कप्पा, जून ते ऑगस्ट.