गोल घुमटाचा नकाशा कुणी काढला?



पंढरपूर, सोलापूर करत आपल्याकडची माणसं कधी कधी पुढं विजापूरला जातात आणि गोल घुमट पाहून येतात. मोहम्मद आदिलशहाची ती कबर. तो 1656 मध्ये वारला. आत उभं राहून वर पाहिलं तर सुमारे 124 फूट रुंदीचा घुमट, आणि मध्ये एकही खांब नाही. मग एवढा भार पेलतो कोण?

ते नकाशात कळतं. कांदा आडवा चिरला की गोल चकत्या दिसतात, उभा चिरला की बुडापासून शेंड्यापर्यंतचे थर दिसतात. इमारतीचे नकाशेही असेच दोन. आडव्या नकाशात भिंती, दारं कुठं ते कळतं. घरकुलाच्या कागदांना जोडलेला असतो तो हाच. उभ्या नकाशात उंची कळते आणि छताचा भार कुठून खाली उतरतो तेही.

गोल घुमटाचे असे नकाशे 1859 मध्ये लंडनला पुस्तकात छापले गेले. संपादक होता जेम्स फर्ग्युसन. निळीच्या धंद्यासाठी तो इकडं आला, मग देशभर फिरून जुन्या इमारतींची चित्रं काढू लागला. पुस्तकातल्या नकाशांत सगळा उलगडा होतो. चारही भिंतींवरून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि त्यांच्यावर घुमट बसतो. घुमटाचा रेटा बाहेर, कमानींचं वजन आत. दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात.

हे नकाशे काढले कुणी? पुस्तकाच्या पहिल्या पानावर कॅप्टन हार्टचं नाव आहे, कमिंगचं आहे, काम करवून घेणाऱ्या साताऱ्याच्या रेसिडेंट फ्रिअरचंही आहे. त्यांच्याबरोबर लिहिलंय, ‘देशी नकाशे काढणारे’. एवढंच. त्यांची नावं तिथं नाहीत.

मैत्रिणींनो, ग्रामसभेसाठी गावाचा नकाशा आपणही काढतो. शिवारफेरीत कुणी फीत धरते, कुणी पावलं मोजते, विहिरी कुठं आहेत ते कुणी सांगते. खाली मात्र आपण ‘महिला बचत गट’ एवढंच लिहून मोकळ्या होतो. पुढच्या बैठकीत तो कागद बाहेर काढा. तारीख टाका. प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा, आणि जिला लिहिता येत नाही तिचं आधी लिहा.