संकेतस्थळावरील माहिती आणि तिचा संदर्भनिर्देश

(मलकपेठ, हैदराबाद येथे मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांपुढे झालेले भाषण)



आपण जेथे जमलो आहोत तेथून आसमानगडची टेकडी जवळच आहे. तीवर निजामाच्या पदरी असलेल्या मुसा रेमूं या फ्रेंच सेनानीची समाधी आहे. 1795 साली खर्ड्याच्या लढाईत हा सेनानी निजामाच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध लढला आणि 1798 मध्ये मृत्यू पावला. मुसारामबाग हे नाव त्याच्याच नावाचा अपभ्रंश होय. आपल्यापैकी कोणी या विषयावर निबंध लिहावयास घेतला, तर आज तो प्रथम ग्रंथालयात न जाता संगणकासमोर बसेल. त्यात गैर काही नाही. मात्र जे वाचले ते कोठे वाचले, हे त्याने नेमकेपणाने नोंदविले पाहिजे.

पुष्कळ निबंधांच्या अखेरीस केवळ ‘इंटरनेटवरून साभार’ एवढीच नोंद आढळते. ‘बाजारातून आणले’ असे म्हणण्यासारखेच हे आहे. दुकान कोणते, हे त्यावरून समजत नाही. लेखकाचे नाव, लेखाचे किंवा नोंदीचे शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, ते चालविणारी संस्था, प्रसिद्धीचा दिनांक, पूर्ण पत्ता आणि आपण तो मजकूर पाहिल्याचा दिनांक एवढा तपशील असावा. लेखकाचे नाव नसेल तर संस्थेच्या नावाने नोंद करावी. दिनांक नसेल तर ‘दिनांक नमूद नाही’ असे स्पष्ट लिहावे. अंदाजाने घालू नये.

पाहिल्याचा दिनांक कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. छापील पुस्तक कपाटात जसेच्या तसे राहते. संकेतस्थळावरील मजकूर बदलतो, पत्ता बदलतो, कधी पानच नाहीसे होते. रेमूंच्या समाधीजवळील मंडप 2001 साली कोसळला आणि नंतर पुन्हा उभारण्यात आला. या दोन घटनांच्या आधीचे, मधले आणि नंतरचे वर्णन एकसारखे असणार नाही. दिनांक नसल्यास वाचकाला यांपैकी कोणते वर्णन आपण उतरविले ते कळणार कसे?

याहून मोठा घोटाळा जुन्या ग्रंथांच्या बाबतीत होतो. अहमदनगर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर 1884 साली प्रसिद्ध झाले. ते आता संगणकावर वाचता येते. खर्डे गावाविषयी त्यातील माहिती घेऊन विद्यार्थी केवळ संकेतस्थळाचे नाव व चालू वर्ष लिहितो, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची लोकसंख्या आजची म्हणून वाचकापुढे येते. अशा ठिकाणी दोन्ही काळ द्यावेत: मूळ प्रकाशनाचे वर्ष 1884 आणि आपण पाहिल्याचा दिनांक. 2024 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आपल्या लेखनात नवे नाव जरूर वापरावे, परंतु ग्रंथाचे शीर्षक जसे छापले आहे तसेच ठेवावे. ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मराठी विश्वकोशाचे तर दोन अवतार आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेले छापील खंड, आणि संकेतस्थळावरील नोंदी. संगणकावर वाचून छापील खंडाचा पृष्ठांक देणे हा अप्रामाणिकपणाच होय. विकिपीडियाचे लेख कोणालाही बदलता येतात. तेथे लेखाचा ‘इतिहास’ पाहून आपण वाचलेल्या आवृत्तीचा दिनांक द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे तळटिपेत दिलेला मूळ ग्रंथ मिळवून वाचावा. तो न मिळाल्यास ‘अमुक ठिकाणी उद्धृत’ असे लिहावे. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवू नये.

प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे भांडार उपयुक्त आहे. तेथे प्रत्येक प्रबंधाला कायम स्वरूपाचा क्रमांक असतो. तोच द्यावा, म्हणजे पत्ता बदलण्याची चिंता उरत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्यासंबंधी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपेक्षा अधिक व चाळीसपर्यंत आढळल्यास तो सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. साठ टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे मात्र या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे अवतरणचिन्ह आणि तळटीप यांच्या अभावी प्रामाणिक विद्यार्थ्याची अनेक वर्षांची मेहनत धोक्यात येऊ शकते.

अलीकडे संगणकाला प्रश्न विचारून तयार उत्तर मिळविण्याची सोय झाली आहे. असे उत्तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, वर्षांसह, मोठ्या आत्मविश्वासाने देते. त्यातील प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्यावाचून तो निबंधात घेऊ नये. अध्यापकांना एकच विनंती आहे. गुण देण्यापूर्वी प्रत्येक निबंधातील कोणतेही दोन संदर्भ विद्यार्थ्याला आपल्यासमोर उघडून दाखवावयास सांगावेत. या कामास पाच मिनिटे लागतात.