आरोग्याची सुरुवात ताटापासून
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपण मुलांच्या गुणांची चौकशी अगत्याने करतो. पण मुलाचे वजन किती, मुलीचे हिमोग्लोबिन किती, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? उपाशी पोटी आलेला मुलगा दुसऱ्याच तासाला पेंगू लागतो. त्याला छडीची नव्हे, भाकरीची गरज असते. म्हणून आज शिक्षणाच्या व्यासपीठावरून आरोग्याविषयी चार शब्द बोलतो.

या कामाचा धडा आपल्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मुलूख दुष्काळी. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्न-पाण्याची होती. तेव्हा निरनिराळ्या जातींचे तरुण एकत्र यावेत म्हणून गावोगाव व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले. खेळ संपला की गावाच्या अडचणींवर बोलणे होई. त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली, लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक होऊ लागला. गावातल्याच, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रिया शिकून आरोग्य सेविका झाल्या. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे 1971 साली हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत हा आकडा तीसच्या खाली आला. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर आई जे करू शकली, ते आपल्या शिकलेल्या मुलींना का जमू नये?

शासनही स्वस्थ बसलेले नाही. 1975 पासून अंगणवाड्या आल्या, 2005 नंतर आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊ लागल्या. अकोल्यासारख्या आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी योजना 2015 साली सुरू झाली, तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समितीही असते. पण ग्रामसभेत जाऊन या रकमेचा हिशेब विचारणारे आपल्यातले किती? घरी बसून सरकारला नावे ठेवणे सोपे असते.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याचे मूळ पुष्कळदा आपल्या दस्तरखानावर आहे. आधी पुरुष, मग मुलगे, आणि उरलेसुरले आई व मुली खातात. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे मैदान सुटते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, तर "गरम पडेल" म्हणून ती फेकून द्यायला घरचेच सांगतात. ही गोळी जेवणानंतर घ्यावी. रमजानमध्ये इफ्तारनंतर जेवून घेता येते.

खर्चाची सबब सांगू नये. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, शेवग्याचा पाला, शेंगदाणे आणि गूळ हे आपल्या मातीतलेच आहे. त्यावर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही.

पालकांना माझी तीनच मागणी आहे. मुलीला मुलाच्या बरोबरीने वाढा. तिला रोज अर्धा-पाऊण तास खेळू द्या. मैदानाची अडचण असेल तर शाळेला सांगा, शाळेच्या आवारात सोय करता येईल. आणि पुढच्या ग्रामसभेला जा, आईलाही सोबत न्या.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एवढेच पाहा, की आई जेवली का आणि तिच्या ताटात काय होते. तेथे सुधारणा झाली, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन. 

जय हिंद!