चिंतेवरील गोळ्या आणि त्यांची मुदत

(नरसी नामदेव, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कयाधूकाठच्या नामदेवांच्या या गावात औषधी गोळ्यांवर भाषण कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु ज्याचे सारे वर्ष सोयाबीन आणि हळदीच्या भावावर टांगलेले असते, त्याची झोप उडणे ही निव्वळ वैद्यकीय बाब नव्हे. असा माणूस दवाखान्यात जातो. तेथे गर्दी असते. कर्जाची हकीकत ऐकावयास सवड नसते. चिठ्ठीवर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम लिहिले जाते.

बेंझोडायझेपिन हे या गोळ्यांचे कुळ. हॉफमन-ला रोश कंपनीने १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आणले. आधीच्या बार्बिट्युरेटपेक्षा ही औषधे सुरक्षित होती, हे मान्यच केले पाहिजे. फेफऱ्यात त्यांचा उपयोग आजही होतो. प्रश्न मुदतीचा आहे. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८८ सालीच २ ते ४ आठवड्यांची मर्यादा सांगितली होती. त्यापुढे शरीर गोळीला सरावत जाते, पूर्वीची मात्रा पुरेनाशी होते, आणि गोळी एकदम सोडली तर मूळ चिंतेहून मोठी घबराट, प्रसंगी फेफरे येते. म्हणून कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात कोणाच्या गोळ्या बंद करू नयेत. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते. दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. वृद्ध माणूस रात्री उठताना तोल जाऊन पडतो आणि खुब्याचे हाड मोडून बसतो.

वृत्तपत्रांना मालेगावची ‘कुत्ता गोळी’ दिसते, कारण तेथे पोलीस असतात. रीतसर चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तीच अल्प्राझोलाम घेणारी प्रौढ गृहिणी कोणाच्याच बातमीत येत नाही!

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून यांपैकी अल्प्राझोलामसारखी काही औषधे एच-१ अनुसूचीत आहेत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण आणि दिलेले औषध यांची वेगळी नोंद ठेवून ती वही ३ वर्षे जपावयाची आहे. जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या मिळत राहिल्या, तर ती वही कोण तपासतो, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

राज्य शासनाने २०१५ साली हिंगोलीसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आणला. २०२२ पासून १४४१६ ही टेली-मानसची दूरध्वनी सेवाही आहे. गोळी स्वस्त पडते, समुपदेशकाला मात्र दरमहा वेतन द्यावे लागते. अंदाजपत्रकात कात्री कोठे लागते, ते यावरून उमजावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराचा ठरवून मिळावा आणि तेथे गोळी सुरू करतानाच ती थांबविण्याची तारीख चिठ्ठीवर लिहिली जावी, एवढी मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावे.